नियमांचे पंचांग

सोलापूरला महाराष्ट्र तीन गोष्टींमुळे ओळखतो: चादर, शेंगांची चटणी आणि दाते पंचांग. पहिल्या दोन घरोघरी पोचल्या हे खरेच. पण तिसरी गोष्ट भिंतीवर किंवा देवघराशेजारी कायमची जागा पटकावून बसली आहे. शंभरी ओलांडलेले हे पंचांग पुढच्या वर्षाचा सारा हिशेब आधीच मांडून देते. लग्नाचे मुहूर्त कोणत्या महिन्यात आहेत, एकादशी कोणत्या वारी येते, ग्रहणाचा स्पर्श किती वाजता आणि मोक्ष किती वाजता, हे सारे त्यात छापलेले असते. त्यामुळे माणूस वेळेवर तयारीला लागतो. कार्यालय ठरवतो, आचारी सांगून ठेवतो, रेल्वेचे आरक्षण करतो.

आकाशातल्या ग्रहांचे वेळापत्रक आपल्याला वर्षभर आधी कळते. पण दिल्लीत किंवा मुंबईत बसून माणसांनीच केलेला नियम आपल्या दारात कधी येणार, हे मात्र बहुतेक वेळा तो येऊन उभा राहिल्यावर कळते. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडावे आणि 'आजपासून' या शब्दाने सुरू होणारी बातमी वाचावी, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही वावगे आहे असेही वाटेनासे झाले आहे.

इथे कायदा आणि नियम यांतला फरक आधी लक्षात घ्यायला हवा. कायदा संसद किंवा विधानसभा करते. त्यावर चर्चा होते, गदारोळ होतो, बातम्या येतात. पण कायदा हा बहुधा घराचा सांगाडा असतो. त्यात जागोजागी 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' असे शब्द येतात. हे विहित करण्याचे काम पुढे मंत्रालयातले खाते किंवा एखादे प्राधिकरण करते. अर्ज कोणत्या नमुन्यात, शुल्क किती, पाकिटावर अक्षर केवढे, दागिन्यावर शिक्का कोणता, दंड कोणत्या तारखेपासून, हे सारे नियमांत असते. संसार सांगाड्यात नव्हे, खोल्यांत चालतो. त्या खोल्या कोण बांधतो, कधी बांधतो, याकडे आपले लक्ष फारच कमी असते.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट लवकर समजते. आमच्या टेबलावर येणाऱ्या परिपत्रकांत एक शब्दप्रयोग ठरलेला असे: 'तात्काळ अंमल'. परिपत्रक शाखेत पोचायचे, त्याआधी एखादा चौकस ग्राहक पोचायचा आणि आम्हालाच विचारायचा, "काय साहेब, नवीन नियम आला म्हणे?" पण त्याच बँकिंगच्या जगात एक गोष्ट ठरल्या वेळी घडत असे. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत येई. शेतीमाल बाजारात येण्याचा तेजीचा हंगाम आणि नंतरचा मंदीचा हंगाम, अशी ती जुनी विभागणी होती. धोरणात काय असेल ते माहीत नसायचे. पण ते कधी येणार हे व्यापारी, कारखानदार, बँकवाले सारे जाणून असायचे. आता तर ही गोष्ट कायद्यातच आली आहे. २०१६ साली पतधोरण समिती स्थापन झाली, आणि वर्षातल्या बैठकांचे वेळापत्रक पहिल्या बैठकीच्या किमान एक आठवडा आधी जाहीर करणे रिझर्व्ह बँकेवर बंधनकारक झाले. व्याजदर गुप्त, पण तारीख उघड. गुप्तता आणि वेळापत्रक एकत्र नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला नाही.

आपल्या कायद्यांत आधी सांगण्याची सोयच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यात, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून, 'पूर्वप्रसिद्धी'ची तरतूद आहे. मूळ कायद्याने तशी अट घातली असेल, तर सरकारने आधी नियमाचा मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे सांगायचे, आणि तोवर आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, हरवलेल्या खरेदीखताच्या जाहिरातीशेजारी जी 'हरकती व सूचना' अशी सूचना दिसते, तिचे मूळ अशाच तरतुदींत आहे. मात्र याच कलमाच्या शेवटी एक मेख आहे. पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला नियम म्हणून तो राजपत्रात छापून आला, की तो रीतसर केला गेला याचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो. हरकती खरोखर वाचल्या की नुसत्याच फायलीला टाचल्या, हे सामान्य माणसाने सिद्ध करणे मग फार अवघड होऊन बसते.

मध्यमवर्गीय कुटुंबाला ही वाट माहीत होते ती शहराच्या विकास आराखड्यामुळे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्यानुसार आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि हरकतदारांना सुनावणी द्यावी लागते. आपल्या प्लॉटवर शाळेचे किंवा रस्त्याचे आरक्षण पडले आहे हे कळताच एरवी महापालिकेची पायरी न चढणारा माणूसही अर्ज घेऊन रांगेत उभा राहतो. तिथे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. स्वतःच्या जमिनीवर रेघ पडली की नियम दिसतो. पण पोटावर पडणारी रेघ नकाशात दिसत नाही.

ती रेघ पाहायची असेल तर सोलापूरच्या पूर्वभागात जायला हवे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका हे तिथल्या घराघरांतले चित्र आहे. बहुतेक तेलुगूभाषक पद्मशाली घरांतल्या. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवून कापायची, वळायची, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायची, आणि छाट म्हणून काय बाजूला पडते ते मुकाट्याने पाहायचे. मजुरी हजार विड्यांमागे. हजारामागे किती, हेही नियमानेच ठरते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या पहिल्याच यादीत विडी व तंबाखूचा धंदा होता. त्या कायद्याची एक रीत वेळापत्रकाच्या दृष्टीने फार शहाणपणाची होती. सरकारने एक तर समिती नेमायची, नाही तर प्रस्तावित दर राजपत्रात छापायचे आणि किमान दोन महिन्यांनंतरची एक तारीख द्यायची, ज्या तारखेला त्या प्रस्तावाचा विचार होईल. अंतिम दर जाहीर झाला की, अधिसूचनेत वेगळे काही म्हटले नसेल, तर तो तीन महिन्यांनी लागू व्हायचा. आणि जास्तीत जास्त पाच वर्षांनी दरांचा पुन्हा आढावा घ्यायचा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. दोन महिन्यांची आणि पाच वर्षांची ही रीत तिनेही ठेवली आहे. म्हणजे मजुरीच्या बाबतीत कागदावर का होईना, एक पंचांग आहे.

पण त्याच विडीच्या पाकिटावर काय छापायचे, याचा इतिहास पाहा. २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला. ५ जुलै २००६ रोजी पाकिटावरील सचित्र इशाऱ्याचे नियम राजपत्रात आले. तारीख ठरली १ फेब्रुवारी २००७. ती पुढे गेली. मग पुढची तारीख आली, तीही गेली. मध्ये २००८ साली नवे नियम आले. असे होत होत अखेर ३१ मे २००९ रोजी पाकिटांवर चित्रे आली: चघळण्याच्या तंबाखूवर विंचू आणि ओढण्याच्या तंबाखूवर फुप्फुसे. ज्या २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी उभारलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीचे हस्तांतरण पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले, त्याच साली दिल्लीत त्यांच्या धंद्यासंबंधीचा हा कागद निघाला होता. घराची किल्ली हातात येत होती, आणि त्या घराचे हप्ते ज्या कामातून फिटायचे, त्या कामाची तारीख दिल्लीत मागेपुढे होत होती.

दुसरी फेरी २०१४ ची. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी नियम निघाला की इशारा पाकिटाच्या ८५ टक्के भागावर हवा, १ एप्रिल २०१५ पासून. तारखेला आठवडाही उरला नसताना तो स्थगित झाला. नियमांची छाननी करणाऱ्या लोकसभेच्या समितीने, ज्या समितीचे अध्यक्ष तेव्हाचे अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते, अधिक विचार होईपर्यंत थांबावे असे सांगितले होते. त्या समितीचे एक सदस्य स्वतः विडी उद्योजक होते, यावरही बराच गदारोळ झाला. शेवटी १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. १५ डिसेंबर २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात, ८ जानेवारी २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

त्या काळात माझी नेमणूक पूर्वभागातल्या एका शाखेत होती. खात्यातले शंभर-दोनशे रुपये काढायला आलेली एखादी बाई काउंटरशी घुटमळायची आणि विचारायची, "साहेब, फोटू मोठा होणार म्हणं. मग कारखाना बंद होतंय का?" तिला नियमाचा विषय माहीत होता, टक्केवारीही कानावर आली होती. माहीत नव्हती ती फक्त तारीख. मुलीच्या शाळेचे पैसे आत्ता भरावेत की थांबावे, भिशीत पुढचा हप्ता टाकावा की नाही, हे सारे त्या तारखेवर अवलंबून होते. आणि तारीख मला तरी कुठे माहीत होती?

तंबाखूचे समर्थन मला करायचे नाही. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे बसलेल्या त्या बायकांचा खोकला मी काउंटरच्या अलीकडून ऐकला आहे. पाकिटावरचा इशारा मोठाच असावा असे माझे मत आहे. पण याच कारणासाठी तारीख पक्की हवी होती. तारीख सरकत राहिली तेव्हा तोटा दोघांचाही झाला. जो माणूस चित्र पाहून विडी सोडणार होता, त्याची काही वर्षे गेली. आणि जी बाई दुसऱ्या कामाची सोय पाहणार होती, तिचीही तेवढीच वर्षे टांगणीला लागली. फायदा झाला असेलच, तर दिल्लीत ज्यांची ये-जा आहे त्यांचा. ढकलगाडीत बसलेल्याला धक्के बसतात, ढकलणाऱ्याला नाही.

घरातल्या सोन्याचेही असेच झाले. हॉलमार्क सक्तीचा आदेश जानेवारी २०२० मध्ये निघाला. मुदत होती १५ जानेवारी २०२१. मग १ जून २०२१ झाली, मग १५ जून, आणि शेवटी १६ जूनपासून २५६ जिल्ह्यांत सक्ती सुरू झाली. मध्ये करोना होता, सराफांच्या अडचणी होत्या, कारणे खरी होती. पण यातली एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार अशा नियमांचा मसुदा सभासद देशांना आधी कळवावा लागतो. त्याप्रमाणे हॉलमार्कच्या आदेशाचा मसुदा ऑक्टोबर २०१९ मध्येच संघटनेच्या संकेतस्थळावर दोन महिन्यांसाठी ठेवला होता. म्हणजे परदेशातल्या व्यापाऱ्याला आपले म्हणणे मांडायला दोन महिने मिळाले. आपल्या मुलीसाठी दर दिवाळीला दोन-चार ग्रॅम साठवणाऱ्या आईला, जिनिव्हात आपल्या बांगडीची चर्चा चालू आहे, याची वार्ताही नव्हती.

मग जगात दुसरीकडे काय करतात? अमेरिकेत १९४६ पासून कायदाच आहे की सरकारी खात्याने नियमाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे घ्यावे. त्यापुढचे पाऊल १९८० साली पडले. लहान उद्योगांच्या सोयीसाठी झालेल्या कायद्याने प्रत्येक खात्याला सांगितले की वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, येत्या काळात कोणते नियम करणार त्यांची यादी छापा. आपल्या पतधोरणाचेही महिने हेच होते, हा योगायोग बँकेतल्या माणसाला गमतीचा वाटतो. १९८३ पासून सर्व खात्यांची मिळून एकच यादी निघते. यादीतल्या प्रत्येक नियमाला क्रमांक असतो, तो कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहिलेले असते, अपेक्षित महिना असतो, आणि ज्याला विचारायचे त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांकही असतो. या तारखा तिथेही चुकतात, काही नियम तर वर्षानुवर्षे यादीत पडून राहतात. पण चुकले हे सर्वांना दिसते, हा फरक मोठा आहे. ब्रिटनने आणखी सोपा उपाय काढला: उद्योगधंद्यांशी संबंधित नवे नियम शक्यतो वर्षातल्या दोन ठरावीक दिवशीच, ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, लागू करायचे.

आपल्याकडेही हालचाल अगदीच नाही असे नाही. २०१४ च्या जानेवारीत केंद्रातल्या सचिवांच्या समितीने ठरवले की कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा सोप्या भाषेतल्या टिपणासह किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, आणि आलेल्या सूचनांचा सारांशही प्रसिद्ध करावा. परंतु हे धोरण आहे, कायदा नव्हे. पाळले नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. फोन मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया भरपाई, हा दूरसंचार नियामकाचा नियम ११ मे २०१६ रोजी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवले की अमेरिकेसारखा, लोकांचे म्हणणे ऐकूनच नियम करण्याचा, कायदा आपणही करावा. २०२० साली पर्यावरण परिणामांच्या अधिसूचनेचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आहे म्हटल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत भाषांतरित करायला सांगितले आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. २०२५ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या नियमांसाठी चौकट आखून घेतली, त्यात मसुद्यावर किमान २१ दिवस लोकांचे म्हणणे मागवण्याचे ठरवले.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण मात्र साधे आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर काय छापावे याचे बदल वर्षातून एकाच दिवशी, १ जुलैला, आणि मध्ये किमान १८० दिवस देऊनच लागू करायचे, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवले. सोलापुरात शेंगांची चटणी आणि कडक भाकरी पिशव्यांत भरून विकणारे किती तरी महिला गट आहेत. त्या पिशव्या एकदम हजारांनी छापून घ्याव्या लागतात, तरच परवडतात. नियम महिन्याला बदलला तर छापलेल्या पिशव्या रद्दीत जातात आणि सहा महिन्यांचा नफा त्यांच्याबरोबर जातो. १ जुलै ही तारीख माहीत असेल तर जानेवारीत पिशव्या किती छापायच्या, हे गटातली कमी शिकलेली बाईही बोटांवर मोजून सांगेल. नियम तोच, सक्ती तीच. पण तारीख आधी कळली म्हणून तो जाच न वाटता काम वाटते.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की सगळेच आधी सांगता येत नाही. अगदी खरे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीची नोटाबंदी आठवडाभर आधी जाहीर केली असती तर तिला अर्थच उरला नसता. पण गुप्ततेची गरज मूळ निर्णयाला होती. नोटा बदलण्याची मर्यादा चार हजारांवरून साडेचार हजार, मग दोन हजार आणि मग बंद, हे सारे सोळा-सतरा दिवसांत झाले. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक बदल काउंटरवर पोचल्यावर कळत होता, आणि तो सांगण्याचे काम आमच्याकडे होते. आणीबाणीचे नियम अपवाद असतात. विंचवाचे चित्र, बांगडीवरचा शिक्का आणि चटणीची पिशवी यांत आणीबाणी कसली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधी सांगितले की धनदांडग्यांना नियम अडवायला वेळ मिळतो. विड्यांच्या पाकिटाची कथा वाचून कोणालाही तसे वाटेल. पण नीट पाहिले तर ती कथा उलटेच सांगते. ज्यांना अडवायचे होते, त्यांना सारे आधीच कळत होते. त्यांना राजपत्राची गरज नव्हती. कळत नव्हते ते फक्त सूप घेऊन बसलेल्या बाईला. वेळापत्रक छापल्याने बलवानांच्या हाती नवे काही पडत नाही. जे त्यांना कानात सांगितले जाते, ते बाकीच्यांना डोळ्यांनी वाचता येते, इतकेच.

म्हणून मागणी फार मोठी नाही. राज्य आणि केंद्र सरकारच्या प्रत्येक खात्याने वर्षातून दोनदा एक यादी काढावी: येत्या सहा महिन्यांत आम्ही हे नियम करणार, मसुदा या महिन्यात, हरकती या तारखेपर्यंत, अंमल या दिवसापासून, आणि विचारायचे ते यांना. यादी मराठीत असावी. तारीख पुढे गेली तर का गेली, ते एका ओळीत लिहावे. जिल्हाधिकारी कचेरीत, महापालिकेत, पंचायत समितीत ती भिंतीवर लावावी. याला लागणारा खर्च कागद-शाईचा.

आणि तोवर आपण एक करावे. वर्तमानपत्रातल्या त्या बारीक टाइपाच्या सूचनेवरून नजर नुसती घसरू देऊ नये. हरकत साध्या कागदावर लिहिता येते, मराठीत लिहिता येते, तिला वकील लागत नाही. मुदतीच्या आत द्यावी, पोच घ्यावी आणि पोचेवर तारखेचा शिक्का नीट उमटला आहे ना, ते पाहून मगच खिडकी सोडावी.